ढोलातून आलेली बास : मानू गालो एकाच वेळी वाजवतात, गातात आणि बँडही सांभाळतात, ते कसं

बास गिटार ऐकूच येत नाही, अशी बऱ्याच जणांची तक्रार असते. मोबाइलच्या स्पीकरवर ती खरंच येत नाही. चार तारांच्या बासची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की सेकंदाला जेमतेम ४१ कंपनं होतात. फोनच्या चण्याएवढ्या स्पीकरला इतका खर्जातला सूर पेलत नाही. तेव्हा मानू गालो यांचं काही ऐकणार असाल तर आधी हेडफोन शोधा. नाहीतर गाणाऱ्या बाई ऐकू येतील आणि त्या गाण्याखाली त्यांचेच हात जे काम करत असतात ते निसटून जाईल.

मानू गालो मूळच्या पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टच्या. जन्म १९७२ चा, गाव दिवो, समाज दिदा. पुढे बेल्जियममध्ये ब्रसेल्सला स्थायिक झाल्या. बासवादक, गायिका आणि स्वतःच्या बँडच्या प्रमुख, अशी त्यांची ओळख करून दिली जाते. या तीन शब्दांमधले स्वल्पविराम फसवे आहेत. तिन्ही कामं एकाच शरीराला एकाच क्षणी करायची असतात आणि ती सतत एकमेकांच्या पायात येतात. त्यांच्या कारकिर्दीतले टप्पे कुठल्या क्रमाने आले हे पाहिलं, तर हा गुंता कसा सुटला असेल याचा बराच उलगडा होतो.

आधी ढोल

त्यांचं पहिलं वाद्य बास नव्हतं. ते ढोल होतं, आणि तेही बोलणारं.

आपल्याकडे "आलास." आणि "आलास?" यांत स्वर चढला की विधानाचा प्रश्न होतो, पण शब्द तोच राहतो. दिदा ही क्रू कुळातली भाषा आहे आणि अशा स्वरभेदी भाषांत अक्षर उंच म्हटलं की खाली म्हटलं यावर शब्दच बदलतो. म्हणजे प्रत्येक वाक्याला अर्थाबरोबर एक ठरलेली चालही असते. बोलणारे ढोल नेमकी ती चाल वाजवतात. अनेक ठिकाणी संबळासारखी जोडी असते, एक उंच स्वराचा आणि एक खालच्या. व्यंजनं ढोलावर निघत नाहीत. निघतात ती स्वरांची उंची, त्यांची लांबी आणि मधली विश्रांती.

यात एक अडचण आहे. 'उंच-खाली' अशा चालीचे शब्द भाषेत शेकड्यांनी असतात, मग ऐकणाऱ्याला नेमका कोणता समजावा? तोडगा असा की एकटा शब्द वाजवायचाच नाही, त्याची ठरलेली लांब ओळ वाजवायची. काँगोमधल्या केले लोकांचे ढोल नुसतं 'चंद्र' म्हणत नाहीत, 'खाली पृथ्वीकडे पाहणारा चंद्र' म्हणतात. ओळ जितकी लांब तितका घोटाळा कमी.

हे ढोल पुरुषांनीच वाजवायचे, असा दिवोकडचा रिवाज. मानू यांनी लहान वयातच तो मोडला आणि त्यांचं वाजवणं गावाने मान्यही केलं. त्यातून हाताला जी सवय लागली ती पुढच्या सगळ्या प्रवासात उपयोगी पडली. ताल आणि बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं त्या हाताला कधी वाटलंच नाही. बास वाजवताना गाता येत नाही असं म्हणणाऱ्यांची नेमकी तिथेच अडचण होते. त्यांच्या डोक्यात ताल एका कप्प्यात असतो आणि शब्द दुसऱ्या.

अंगठ्याचा मार

१९८५ च्या सुमारास, बारा-तेरा वर्षांच्या असताना, मानू दिवोच्या वोया या बँडमध्ये आल्या. ऐंशीच्या दशकात वोयाने पश्चिम आफ्रिकेत भरपूर दौरे केले. या बँडमधले मार्सलँ यासे यांनी त्यांना बासकडे वळवलं. यासे पुढे आयव्हरी कोस्टमधल्याच आबिजान शहरातल्या स्टुडिओंमधले नावाजलेले संगीत संयोजक झाले. १९ सप्टेंबर २००२ ला देशात बंड पेटलं, त्याच दिवशी आबिजानमध्ये गोळी लागून त्यांचा मृत्यू झाला.

ढोल वाजवणाऱ्या मुलीला बास का मानवली असेल, याचं उत्तर 'स्लॅप' या पद्धतीत सापडतं. तिचं श्रेय दिलं जातं अमेरिकेच्या लॅरी ग्रॅहम यांना. ते आईबरोबर कार्यक्रम करायचे आणि साथीला ड्रमर उरला नव्हता. मग पायाच्या ड्रमऐवजी अंगठ्याने जाड तार ठोकायची आणि कडाडणाऱ्या स्नेअर ड्रमऐवजी बारीक तार बोटाने ओढून सोडायची, असा मार्ग त्यांनी काढला. म्हणजे ही पद्धत जन्मालाच आली ती ढोलाची उणीव भरायला. एक खाली, एक वर. दिवोच्या हाताला त्यात परकं काय वाटणार?

हे करायचं कसं? अंगठ्याच्या बाजूचं हाड तारेवर आपटतं, तेही दांड्याची पट्टी जिथे संपते त्या शेवटच्या पडद्यापाशी. गरगर फिरवायचं ते मनगट, दाराची मूठ फिरवावी तसं. कोपर जवळपास स्थिर. अंगठा आपटला की तत्क्षणी उडून परत यायला हवा. नवशिका अंगठा तारेवरच विसावू देतो, मग नाद दबतो आणि नुसता 'ठक' ऐकू येतो. दुसरी चूक म्हणजे तर्जनी तारेखाली फार खोल घालणं. ओढताना ती अडकते आणि पुढचा ठोका उशिरा पडतो. नखाच्या टोकाएवढीच आत घालायची. तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही: निम्मं काम डाव्या हाताचं असतं. ज्या तारा वाजवायच्या नाहीत त्यांवर डाव्या हाताची बोटं हलकी टेकवून त्या गप्प कराव्या लागतात, नाहीतर सगळा गलका होतो.

तारांची जाडीही इथे महत्त्वाची. नेहमीचा संच इंचाच्या हजाराव्या भागात ४५ ते १०५ असा असतो. अंगठा शिकत असताना ४० ते १०० चा संच हाताला सोपा जातो. बाराव्या पडद्यावर जाड तार साधारण २ ते २.५ मिलिमीटर उंच असावी. त्याहून खाली घेतली की ओढलेली तार पडद्यांवर खडखडते, वर घेतली की अंगठा दहा मिनिटांत थकतो. हे एकदा जमवून भागत नाही. आबिजानसारख्या दमट शहरातून ब्रसेल्समधल्या हीटर लावलेल्या कोरड्या खोलीत बास नेली की लाकूड आक्रसतं, दांडा वाकतो आणि उंची बदलते. (मुंबईच्या पावसाळ्यातून पुण्याच्या कोरड्या हिवाळ्यात वाद्य नेणाऱ्यांना हे ठाऊक असेल.) दांड्याच्या आत लोखंडी सळई असते. तिचा स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवायचा, नंतर काही तास थांबायचं आणि मग पुन्हा मोजायचं. घाईत पूर्ण फेरा दिला तर सळई तुटू शकते, आणि ती दुरुस्ती अनेकदा बासच्या किमतीला भिडते.

बाराचा हिशेब

आफ्रिकी ताल 'अवघड' वाटतो, कारण ऐकणारा त्यात एकच लय शोधत असतो. तिथे दोन तरी असतात. आपल्या संगीतात आडीची लय असते, म्हणजे दोन मात्रांच्या जागेत तीन बसवायच्या. पश्चिम आफ्रिकेच्या फार मोठ्या पट्ट्यात हीच गोष्ट मुळाशी आहे. आपल्याकडे आडी रंगत आणायला मधूनच येते, तिथे दोन्ही लयी पहिल्यापासून शेजारी शेजारी चालू असतात.

करून पाहा. सहा घरं मोजा. डाव्या हाताने १ आणि ४ वर ठोका द्या, उजव्याने १, ३ आणि ५ वर. एकत्र जे ऐकू येतं ते १, ३, ४, ५. पहिला एकत्र, मग उजवा, डावा, उजवा. हे जमलं की बारा घरांवर या. पाय १, ४, ७, १० वर. टाळी १, ३, ५, ६, ८, १०, १२ वर. हा टाळीचा आकृतिबंध पश्चिम आफ्रिकेत अनेक ठिकाणी लोखंडी घंटेवर वाजतो. टाळी आणि पाय फक्त १ आणि १० वर भेटतात. मेट्रोनोम, म्हणजे ठरल्या वेगाने टिकटिकणारं यंत्र, पायासाठी मिनिटाला ५० ठोक्यांवर ठेवा, त्याहून जास्त नको. गफलत हमखास पाचव्या-सहाव्या घरात होते, जिथे दोन टाळ्या लागून येतात. त्या टाळ्यांना पाय आपसूक चिकटतो आणि तीन-तीनची चाल मोडून सगळं चार-चारच्या चौकटीत जाऊन बसतं. तसं झालं की टाळी थांबवा, पाय चालू ठेवा आणि आठव्या घरापासून पुन्हा शिरा.

बासवादकाला यातली बाजू निवडावी लागते. पायाबरोबर राहिली तर नाचणाऱ्यांना आधार मिळतो, घंटेबरोबर गेली तर गाणं तरंगतं. चांगली बास दोन्हीकडे ये-जा करते आणि समेला परत येते. सम हा शब्द इथे अगदी चपखल बसतो. अमेरिकन फंकमध्ये तिला नुसतं 'द वन' म्हणतात. फंकचे गायक जेम्स ब्राउन यांनी ऐन तारुण्यातले बासवादक बूट्सी कॉलिन्स यांना हाच धडा दिला होता: बाकी काय हवं ते वाजव, पण एक वर ये. हे बूट्सी पुढे या कथेत पुन्हा येणार आहेत.

गाणं कुठे बसतं

गिटार वाजवत गाणारे पुष्कळ, बास वाजवत गाणारे थोडे. गिटारवर हात बहुधा एकाच लयीत खाली-वर होत राहतो आणि गळा त्याच्यावर स्वार होतो. बासला स्वतःची वेगळी चाल असते आणि तिची लयही गाण्याच्या लयीशी जुळेलच असं नाही. त्यात ऐकणारा बासच्या सुरावरून गाण्याची पट्टी ओळखतो. म्हणून चूक झाली की ती एका वाद्याची राहत नाही, सगळं गाणं घसरतं.

शिकण्याचा खात्रीचा मार्ग असा. आधी बासची ओळ इतकी घोटायची की ती वाजवताना स्वतःचा फोन नंबर उलटा म्हणता आला पाहिजे. तो अडखळला तर ओळ अजून हातात मुरलेली नाही, शब्दांकडे वळू नका. मग सोळा घरं आखायची. समजा बासचे ठोके १, ४, ७, ११, १५ वर आहेत आणि शब्दांची अक्षरं ३, ५, ७, ९ वर. दोघं भेटतात ते फक्त ७ वर. ते घर रंगवून ठेवायचं, कारण तोच टेकू. मूळ वेगाच्या साठ टक्क्यांवर येऊन शब्द आधी नुसते बोलायचे, सुरात नाही. सूर अगदी शेवटी. बहुतेक जण पहिल्याच दिवशी सुरात गायला जातात आणि तिथेच फसतात. एकाच वेळी तीन गोष्टी जुळवायचा प्रयत्न होतो आणि कुठली बिघडली ते कळतही नाही.

नेहमीचे बिघाड दोन. एक, गळा अंगठ्याला ओढतो. अक्षर आलं की ठोकाही त्याच्याबरोबर पडतो, ४ वरचा ठोका ५ वर सरकतो. दोन, लांब सूर धरला की हात थबकतो. दुसरा बिघाड श्वासाचा आहे. जोरात ठोकताना पोट आवळलं जातं आणि सुराला लागणारी हवा अडते. म्हणून लांब सूर असेल तिथे हात मुद्दाम हलका ठेवावा.

आणि कधीकधी उपाय सरावात नसून गाण्याच्या रचनेत असतो. पश्चिम आफ्रिकी गाण्यात एक जण ओळ टाकतो आणि बाकीचे झेलतात, आपल्या भजनात किंवा पोवाड्यात झिलकरी झेलतात तसं. बासवर गाणाऱ्याला ही रचना देणगीच आहे. स्वतःची ओळ चालू असताना हात साधा ठेवायचा, दोन-तीन ठोके पुरेत. कोरस झेलत असताना गळा मोकळा असतो, तेव्हा अंगठ्याची सगळी करामत करून घ्यायची. ऐकणाऱ्याला वाटतं बाई सगळं एकदम करतायत. प्रत्यक्षात अवघड भाग आळीपाळीने येत असतात.

दुसऱ्यांच्या घरातलं शिक्षण

वोयानंतर मानू आबिजानच्या की-यी वस्तीत दाखल झाल्या. मूळच्या कॅमेरूनच्या लेखिका-दिग्दर्शिका वेरेवेरे लिकिंग यांनी १९८५ मध्ये उभारलेली ही कलावंतांची सहवासाची जागा. नाटक, बाहुल्या, नृत्य, गाणं, ढोल असं सगळं एकाच अंगणात, आणि प्रत्येकाने प्रत्येक गोष्टीला हात लावायचा. नुसत्या वादकाला रंगमंचावर चालायचं कसं हे शिकवणारं ठिकाण सहसा मिळत नाही. बँडप्रमुखाला ते यावंच लागतं.

१९९७ मध्ये त्या ब्रसेल्सला झॅप मामा या गटात गेल्या. काँगोमध्ये जन्मलेल्या आणि बेल्जियममध्ये वाढलेल्या मारी डोल्न यांचा हा गट सुरुवातीला फक्त बायकांच्या आवाजांवर चालायचा, वाद्यांशिवाय. त्या सुमारास त्यांनी वाद्यं आणि बँड घ्यायला सुरुवात केली होती. आता विचार करा: ज्या गटाची सगळी वीण आवाजांची आहे तिथे बास वाजवायची, म्हणजे तालवाद्याचं काम करताना कुणाच्याही आवाजावर पाय द्यायचा नाही. जागा सोडायला शिकवणारी याहून चांगली शाळा नाही. जगभरचे दौरे झाले, मोठे मंच मिळाले. दुसऱ्याच्या बँडमध्ये राहून दौरा कसा चालतो हे फुकटात, किंबहुना मानधन घेऊन, शिकता आलं.

मग स्वतःचा बँड का काढायचा? एक कारण कलेचं, ते उघड आहे. दुसरं पैशाचं. दुसऱ्याच्या गटात वाजवणाऱ्याला बिदागी मिळते, ती त्या रात्रीपुरती. गाण्याची रचना ज्याच्या नावावर असते त्याला मात्र ते गाणं रेडिओवर, मंचावर, दुकानात वाजेल तेव्हा हक्काचा वाटा मिळत राहतो. बेल्जियममध्ये तो साबाम ही संस्था गोळा करते, आयव्हरी कोस्टमध्ये बुरिदा. बासवादकाने कितीही सुंदर ओळ बांधली तरी रचनाकार म्हणून नाव नोंदलेलं नसेल तर त्या वाट्यातलं काही मिळत नाही. नोंद ध्वनिमुद्रणाच्या वेळीच, टक्केवारीसह लिहून घ्यावी. गाणं गाजल्यावर मैत्रीची आठवण करून देऊन उपयोग होत नाही.

मानू यांचा पहिला अल्बम २००३ मध्ये बेल्जियमच्या इग्लू कंपनीकडून आला. नाव 'दिदा', आपल्या समाजाचंच. २००७ मध्ये स्वतःच्या नावाचा दुसरा आला आणि पुढे 'लोलिन'.

मंचावरचं गणित

गाणाऱ्या बासवादकाची मंचावरची मांडणी नेहमीच्या गायकासारखी चालत नाही. बास ४ किलोच्या आसपास असते आणि दीड-दोन तास एकाच खांद्यावर, म्हणून पट्टा किमान ८ सेंटिमीटर रुंद हवा. खरबरीत आतली बाजू असेल तर उत्तम, नाहीतर दांड्याचं टोक खाली झुकतं आणि डावा हात वाजवायचं सोडून वजन पेलत बसतो. उजव्या हाताने वाजवणाऱ्याचा दांडा डावीकडे जातो, म्हणून माइकचा स्टँड उजवीकडे ठेवून त्याची आडवी दांडी तोंडाशी आणायची. उभा स्टँड समोर ठेवला की वळताना बासचं टोक त्याला धडकणारच. डोक्याला लावायचा माइक मोकळीक देतो, पण शेजारचा ड्रमही तितक्याच प्रेमाने टिपतो.

खरा त्रास आवाजाच्या मिसळीचा. बासचा अँप पाठीमागे आणि गाण्याचा माइक त्याच्या समोर उघडा. खर्जाचे सूर माइकमध्ये शिरतात, स्पीकरमधून परत येतात आणि सगळं गुबगुबीत होऊन जातं. यावर उपाय स्वस्त आहे: मिक्सरवर गाण्याच्या माइकचा लो-कट, म्हणजे खालचे सूर कापणारी कळ, ८० ते १०० हर्ट्झवर (सेकंदाला तितक्या कंपनांवर) चालू करायचा. बाईचा गाण्याचा आवाज सहसा १६० हर्ट्झच्या खाली फारसा उतरत नाही, त्यामुळे गळ्याचं काही बिघडत नाही. अँपचा आवाज कमी ठेवून बास थेट मिक्सरला द्यावी. स्लॅपचे ठोके बोटांच्या वाजवण्यापेक्षा कितीतरी उंच उडतात, म्हणून बासवर कॉम्प्रेसर, म्हणजे उडालेला आवाज दाबून आटोक्यात ठेवणारं यंत्र, ४ ला १ च्या आसपास लावतात. त्याहून कडक लावला तर ठोक्यातली धारच जाते. कानातल्या मॉनिटरमध्ये आधी स्वतःचा गळा, मग पायाचा ड्रम, मग बास. बास सगळ्यात वर मागितली तर पट्टी हलली तरी कळत नाही.

आणि बँडला खुणा कशा द्यायच्या? दोन्ही हात गुंतलेले, तोंडही गुंतलेलं. उरतात डोळे, मान आणि बासचा दांडा. दांडा वर उचलून खाली आणला की शेवट, ही जवळपास सगळीकडे कळणारी खूण. तिचं मोजमाप ठरलेलं असावं: उचलला म्हणजे चार मात्रा उरल्या, दोन नव्हेत. पण याहून पक्की रीत ढोलाकडूनच आलेली आहे. पश्चिम आफ्रिकी ढोलवादनात मुख्य वादक एक ठरलेला बोल वाजवतो आणि तो ऐकून सगळे एकदम वळतात. तबलजीची तिहाई सुरू झाली की गायकाला सम कळते, तसंच. बासवर असा चार-पाच ठोक्यांचा बोल ठरवून ठेवला की कुणाकडे पाहायचीही गरज उरत नाही. तालमीत तो बोल गाण्याच्या मध्येच, न सांगता वाजवून पाहावा. जो चुकतो तो ऐकत नसतो, वहीकडे बघत असतो.

बँड किती मोठा ठेवायचा याचा निर्णय बऱ्याचदा संगीताबाहेर होतो. माणूस वाढला की विमानाचं तिकीट, हॉटेलची खोली आणि बिदागी वाढते, आयोजकाचा आकडा मात्र तोच राहतो. शिवाय आफ्रिकेतून वादक आणायचे तर शेंगेन व्हिसा लागतो, आणि तो १८० दिवसांत ९० दिवसच राहू देतो. मधला एखादा कार्यक्रम पुढे ढकलला गेला की हे दिवस संपतात आणि वादक परत जातो. ढोल, घंटा, गळा आणि खर्ज यांतली दोन-तीन कामं एकच माणूस करत असेल तर त्या बँडचा दौरा निघू शकतो. गाणारी बासवादक म्हणून कौतुकाची गोष्ट असते, तशीच ती वाचलेली एक खुर्चीही असते. हे थोडं रुक्ष वाटेल, पण अशा बँडचं अर्थकारण असंच चालतं.

बासच्या मागे बाई दिसणं आफ्रिकेत पूर्वी नव्हतं असं मात्र नाही. गिनीमध्ये १९६१ मध्येच पोलीस दलातल्या बायकांचा एक पूर्ण वाद्यवृंद उभा राहिला होता, 'अमेझॉन्स ऑफ गिनी' या नावाने पुढे गाजलेला. तिथे बास, गिटार, सॅक्सोफोन, ढोल सगळं बायकाच वाजवत. पण तो सरकारी पगारावरचा वृंद होता. स्वतःच्या नावावर, स्वतःच्या रचना घेऊन बासच्या जोरावर बँड उभा करणं ही वेगळी जोखीम.

२०१८ मध्ये मानू यांचा 'आफ्रो ग्रूव्ह क्वीन' आला. त्यात कॅमेरूनचे सॅक्सोफोनवादक मनू दिबांगो आहेत. सत्तरच्या दशकात आबिजानमध्ये आयव्हरी कोस्टच्या रेडिओ-दूरदर्शनचा वाद्यवृंद चालवलेले हेच दिबांगो. रॅपर चक डी आहेत, आणि एक वर यायला शिकलेले ते बूट्सी कॉलिन्सही. तो अल्बम दोनदा ऐकावा. पहिल्यांदा फक्त अंगठा ऐकायचा, म्हणजे खालच्या तारेवरचे ठोके आणि वरच्या तारेचे कडाके. दुसऱ्यांदा फक्त गळा. नंतर कुठलंही एक गाणं लावून पायाने सम धरायची आणि पाहायचं, गळा आणि अंगठा नेमके कोणत्या घरात भेटतात.